वसमतच्या खोलीचं भाडं

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं आपल्याकडे म्हणतात. ही म्हण ज्यानं केली त्याच्यावर धनगराच्या पोटी जन्मून, परमुलखात शिकायला जाऊन, भाड्याची खोली शोधायची पाळी आलेली नसावी. आली असती तर त्यानं लग्न गाळून तिथं खोली घातली असती. मी दोन्ही केलं आहे. लग्न सोपं गेलं.

परमुलूख म्हटलं की माझे विद्यार्थी हसतात. त्यांना वाटतं, मास्तर आता विलायतेच्या गोष्टी सांगणार. आमचं गाव पैनगंगेच्या उत्तरेला, वऱ्हाडात, इंग्रजांच्या अमलात. नदी उतरून दक्षिणेला आलं की मोगलाई लागायची, म्हणजे निजामाचं राज्य. उन्हाळ्यात नदीला गुडघाभर पाणी. लेकरूसुद्धा कुणाचा हात न धरता पार होई. पण या काठाचं नाणं त्या काठाला चालत नसे, इकडची शाळा मराठी तर तिकडची उर्दू, आणि मध्ये करोडगिरीचा नाका, म्हणजे निजामाची जकात घेणारी चौकी. तिथला शिपाई माणसाला असा न्याहाळायचा की आपण काहीतरी चोरून आणलंय असं आपल्यालाच वाटू लागे.

आमच्या दोनशे मेंढ्या दर साली ही नदी ओलांडायच्या. दिवाळीनंतर बा कळप घेऊन मोगलाईत उतरायचा, डोंगरकडा नावाच्या गावाच्या शिवारात उन्हाळा काढायचा आणि नदीला पूर यायच्या आत माघारी फिरायचा. नाक्यावर उर्दूत कागद व्हायचा. बा त्यावर अंगठा उठवायचा आणि लिहिणारा जे वाचून दाखवील ते खरं धरायचा. एका साली लिहिणाऱ्यानं वाचून दाखवलं की दोन कोकरं नाक्यावर ठेवून जायची. बानं ठेवली. नदी उतरल्यावर तो पुढं चालू लागला. मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "आपल्यातल्या एकाला तरी हे वाचता आलं पाह्यजे."

मला भाऊ नव्हता. तेव्हा तो एक म्हणजे मीच. माझ्या शिक्षणाची सुरुवात अशी त्या दोन कोकरांपासून झाली.

उर्दूची अक्षरं मी डोंगरकड्यातच गिरवली. तिथं एक शेतकरी बाई होती. नवरा गेलेला, एकच मुलगी, ती लग्न होऊन लांब दिलेली. बाई एकटी शेत करायची. शेत कसलं, ओढ्याच्या अंगाचा मुरमाड तुकडा. त्या जमिनीत खत पडलं तर ज्वारी, न पडलं तर कुसळं. बैलजोडी एक आणि गाय एक, तेवढ्या शेणानं त्या जमिनीचं पोट काय भरणार? म्हणून दर वैशाखात बा तिच्या वावरात मेंढ्या बसवायचा. शहरातल्या वाचकांसाठी सांगतो. पेरणीच्या आधी कळप शेतात मुक्कामाला ठेवायचा. लेंड्या आणि मूत जमिनीत मुरतं. रोज जागा थोडी पुढं सरकवायची. महिनाभरात वावर असं खतावतं की दोन साल त्याचा गुण राहतो. बदल्यात शेतकरी धान्य देतो. आमच्या बाजूला अजूनही हे चालतं.

बाई बाला दादा म्हणायची आणि मी तिला मावशी. कळप निघायच्या दिवशी ती मूठभर ज्वारी बाच्या घोंगडीच्या टोकाला बांधून द्यायची. म्हणजे पुढच्या वैशाखाचा शब्द झाला. बा ती गाठ वर्षभर सोडत नसे. हे दोघांनी आपापसात ठरवलेलं होतं की तिच्या नवऱ्याच्या वेळेपासून चालत आलेलं, ते मला ठाऊक नाही. कागद नव्हता आणि अंगठाही नव्हता. बाला तोच करार सगळ्यात पक्का वाटायचा.

मला शिकवायचं ठरल्यावर पहिलं घर शोधावंच लागलं नाही. मावशी म्हणाली, "दादा, मेंढ्या घिऊन जा, ह्ये येवढं ठिवून जा." म्हणजे मला. मी तिच्याकडं दोन वर्षं राहिलो, गावच्या शाळेत गेलो, तिच्या चुलीपुढं बसून अलिफ-बे घोकलं. तिला अक्षर येत नव्हतं, पण मी अडखळलो की ती बरोबर ओळखायची आणि भाकरी थापता थापता म्हणायची, "परत म्हन." तिनं माझ्याकडून कामही फारसं करून घेतलं नाही. शिकणाऱ्याच्या हातात खुरपं दिलं की अक्षर बिघडतं, असा तिचा समज होता. मी तो समज दूर केला नाही.

गावची शाळा संपली आणि पुढं वसमतला जायचं ठरलं. दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या दोन-तीन साल आधीची ही गोष्ट. मी चौदा वर्षांचा. वसमतच्या शाळेतल्या मोठ्या मास्तरांनी माझी परीक्षा घेतली, समाधान दाखवलं आणि विचारलं, राहणार कुठं? मी म्हणालो, बघतो. ते म्हणाले, बघ आणि मग ये. ज्याचा या गावात ठावठिकाणा नाही आणि ज्याचं घर नदीपलीकडं इंग्रजीत, म्हणजे इंग्रजांच्या मुलखात आहे, त्याचं नाव मी दाखल करत नाही. पंधरा दिवसांची मुदत मिळाली.

पहिले तीन दिवस धर्मशाळेत काढले. तिथं तीन दिवसांवर राहू देत नसत. चौथ्या दिवसापासून बाजारातल्या एका रिकाम्या छपराखाली पथारी टाकली आणि दिवसभर गल्ल्या पालथ्या घातल्या. एका दुकानदाराची माडी रिकामी होती. त्यानं विचारलं, कुठचा? मी म्हणालो, पैनगंगेच्या पलीकडचा. "म्हंजे इंग्रजीतला? उद्या सामान घिऊन नदी उतरून गेलास तर मी कोनाला धरू?" माझं सामान म्हणजे एक घोंगडी, एक लोटा आणि पाटी. पण बरोबर आहे, माणसानं सावध असावं.

दुसऱ्या घरचे आजोबा फार गोड बोलले. खोली दाखवली, खिडकी उघडून दाखवली, आडाला पाणी बारमाही असतं हेही सांगितलं. मग जात विचारली. मी सांगितली. तेव्हा त्यांना एकदम आठवलं की खोली त्यांच्या पुतण्यासाठी ठेवलेली आहे. पुढच्या गल्लीतल्या बाईंनाही पुतण्याच आठवला. त्या आठवड्यात वसमतला किती पुतणे येऊन उतरणार होते कोण जाणे. एका घरी तर दारातच एका सूनबाईनं पदर नाकाला लावला. घोंगडीला मेंढराचा वास असतोच. मला तो तोवर कधी आला नव्हता.

ब्राह्मणांच्या पोरांची सोय बरी होती. सात घरी सात वार लावून ती जेवायची आणि कुणाच्यातरी ओसरीवर राहायची. आम्हाला वार कोण देणार? एका खाँसाहेबांनी मात्र तबेल्याशेजारची पडवी देऊ केली, तीही मनापासून. "बेटा, पढनेवाले से क्या पूछना," असं म्हणाले. तिथं मीच पाय मागं घेतला. मुसलमानाच्या घरी राहिलो तर आमच्या जातीत काय म्हणतील, ही भीती. म्हणजे बघा, पदर नाकाला लावायला मलाही येत होतं. आज वाटतं, तिथं राहिलो असतो तर एवढं लिहायची वेळ आली नसती.

बाराव्या दिवशी मी एका मोठ्या घरापुढं उभा राहिलो. मालक ओट्यावर हळकुंडं निवडत बसले होते. गावाबाहेर त्यांचं हळदीचं मोठं वावर, आणि घराच्या बाजूला एक खोली, जिच्यात एरवी हळदीची पोती राहत. भिंती पक्क्या होत्या, आतून कडी होती. मी दमलो होतो. बाप काय करतो म्हणून विचारलं तर शेती सांगायचं असं मनात ठरवून आलो होतो, पण तोंडातून खरंच निघालं.

"मेंढ्या हायेत."

इतके दिवस या शब्दावर दारं लागत होती. मालकांचे हात मात्र थांबले.

"किती?"

"दोनशे."

"वैशाखात कुटं बसवून राह्यलेत?"

"डोंगरकड्यात."

त्यांनी मला वर ओट्यावर बसवलं. पाणी आलं. मग ते सावकाश म्हणाले, "यंदा माज्या वावरात बसवा. अख्खा वैशाख. हळद लई खादाड पीक हाय, तिला खत पुरत न्हाई. भाडं नको. शाळा पुरी होईस्तोवर खोली तुजी."

मला हिशेब कळत होता. वैशाख एकच असतो. त्याच्या आधी कळप चाऱ्यासाठी हिंडता ठेवावा लागतो आणि नंतर नदीला पाणी यायच्या आत काठ गाठावा लागतो. मालकांचं वावर खतावलं तर मावशीचं राहणार. अर्धा अर्धा महिना करू का, असं विचारावंसं वाटलं. पण बारा दिवसांत मी इतकी दारं लागताना ऐकली होती की हे एक आपल्या हातानं ढकलवेना.

"बापाला इचारावं लागंल तुला?" मालकांनी विचारलं.

त्यांनी विचारलं होतं. कुणी माझ्या गळ्याला सुरी लावली नव्हती. मला व्हय म्हणता आलं असतं, चार दिवसांत बाला विचारून येता आलं असतं. पण बा काय म्हणाला असता ते मला आधीच ठाऊक होतं. घोंगडीला गाठ होती.

"न्हाई," मी म्हणालो. "बसवतो."

पोर वय होतं, समज कुठली, असं कुणी म्हणेल. मी म्हणत नाही. समज होती म्हणूनच तर पुढचं नीट जमलं.

बा तेव्हा वारंग्याच्या माळावर होता. मी वसमतहून निघालो तो डोंगरकडा बाजूला टाकून, रानातून त्याच्याकडं गेलो. खोली मिळाली म्हणून सांगितलं. तो इतका खूश झाला की त्यानं मेंढीचं दूध काढून मला पाजलं. मग मी म्हणालो, येताना मावशीकडं जाऊन आलो, ती म्हणाली यंदा मेंढ्या नको.

"काहून?"

"जावई शेणखत आनून टाकून राह्यलाय म्हने. दादाला उगं तकलीफ नको, आसं म्हनाली."

हा 'तकलीफ' शब्द मावशीच्या तोंडात नेहमी असे. मी तो तिच्याच हेलात म्हटला. खोटं बोलायला एवढी अक्कल पुरते, चार खऱ्या गोष्टी त्यात मिसळायच्या. बा ऐकून घेऊन काठीवर हनुवटी टेकून उभा राहिला. रागावला नाही. थोड्या वेळानं त्यानं घोंगडीची गाठ सोडली, ज्वारी माझ्या धोतराच्या सोग्यात ओतली आणि म्हणाला, "तिची तिला देऊन ये. शब्द सुटला म्हनावं." मग मी हळूच मालकांच्या वावराची गोष्ट काढली. तो लगेच कबूल झाला. रिकामा झालेला वैशाख कुणाला तरी द्यायचाच होता, तो लेकराच्या खोलीला आला यात त्याला देवाची करणी दिसली.

बा मावशीला जाऊन विचारील अशी भीती मला वाटली नाही. ज्यानं नको म्हटलं त्याच्या दारात 'काहून' विचारायला जाणं आमच्यात कमीपणाचं समजतात. ते म्हणजे गळ्यात पडणं. गरिबाच्या घरी मानाच्या चार गोष्टी असतात, त्यांतली ही एक. मी बाच्या या मानावरच भरवसा ठेवला. ज्वारी मी वाटेतल्या ओढ्यात ओतली.

वैशाखभर आमच्या मेंढ्या हळदीच्या वावरात बसल्या. बा एकदा खोली बघायला आला. भिंतीवर हात फिरवला, कडी लावून बघितली, काढून बघितली. "पक्की हाय," म्हणाला. महिना संपल्यावर तो कळप घेऊन औंढ्याच्या अंगानं, कळमनुरीवरून वळसा घालून नदीकडं गेला. डोंगरकड्यावरून जवळ पडलं असतं. पण ज्या शिवारात आपण नकोत तिथून कशाला, असं त्याचं म्हणणं.

तो गेल्यावर आठ-दहा दिवसांनी दुपारी मी खोलीत धडा पाठ करत होतो आणि दारात मावशी उभी राहिली. बाजाराला येणाऱ्या गाडीतून आली होती. डोक्यावर पिठाचं गाठोडं. मालक दहा पावलांवर ओट्यावर बसले होते.

ती आत आली, गाठोडं ठेवलं आणि माझ्याकडं बघत उभी राहिली.

"दादा कुटं हाय रे? वैशाख गेला सारा. म्या वावर तसंच ठिवलं, नांगराचं येक तास बी मारलं न्हाई. वाट बघू बघू डोळे दुखले."

खरं सांगायची ही दुसरी संधी होती. खरं सांगितलं असतं तर ती ओट्यावर जाऊन मालकांशी भांडली असती की काय कोण जाणे. मला वाटतं भांडली नसती, उठून गेली असती. पण मला बाहेरच्या त्या दहा पावलांची भीती होती. खोली जाईल एवढंच मला दिसत होतं.

"बा आजारी हाय," मी म्हणालो. "जाग्यावरून उठत न्हाई. मेंढ्या नदीपलीकडं, घरीच हायेत."

ती मटकन खाली बसली. कधीपासून, काय होतंय, औषध कुणाचं, सगळं विचारलं. मी एकेक जुळवून सांगत गेलो. ती म्हणाली, "मी जाऊन भेटून येते." मी म्हणालो, "नाक्यावर सोडत न्हाईत. कागद लागतो." निजामाचा नाका माझ्या एवढ्या उपयोगी पडेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

मग ती उठली. खोलीचा कोपरान् कोपरा झाडला, पिठाला डबा नव्हता म्हणून माझ्या धोतराचं फडकं करून त्यात नीट बांधून दिलं. बाहेरून मालकांनी विचारलं, "कोन आलंय रे?" मी आतूनच ओरडून सांगितलं, "गावाकडली बाई हाय." मावशीनं ते ऐकलं. ती गावाकडली बाईच होती, तिला त्यात काही वावगं वाटलं नाही.

जाताना म्हणाली, "येताना गावाभाईर हळदीचं वावर लागलं. मेंढ्या बसून गेल्यात बघ त्याच्यात. लेंड्यांचा थर हाय नुस्ता. कोनाचं तरी नशीब फळलं." मी म्हणालो, आसंल कोनाचं तरी. तिनं भाडं किती म्हणून विचारलं. मी म्हणालो, भाडं घेत नाहीत. तिनं ओट्याकडं बघून लांबूनच हात जोडले आणि म्हणाली, "देवमानूस हाय मालक."

त्या खोलीत माझं मन लागलं नाही असं लिहायला मला फार आवडलं असतं. लागलं. चांगलं लागलं. मी तिथं शाळा पुरी केली, वर्गात वरचे नंबर काढले, मालकांच्या घरच्या सणाला जेवलो. मावशीचं पीठही जेवलो. शरम वाटायची ती कधीतरी, वाचून डोळे दुखले की. तेव्हा ठरवायचो, एकदा जाऊन सांगून टाकू. पण शरमेचं असं आहे की ती रोज थोडी कमी होते आणि सांगायचं मात्र रोज थोडं अवघड होत जातं. सुटीत घरी जाताना मीही बासारखा औंढ्याकडून वळसा घेऊ लागलो. माझ्या वळशाचं कारण वेगळं होतं. ती परत वसमतला आली नाही.

नाक्यावरचा उर्दू कागद मी पहिल्यांदा बाला वाचून दाखवला तेव्हा त्यानं शिपायाकडं मान वर करून बघितलं. त्या एका क्षणासाठी मी सारं केलं, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आलो. ते खोटं आहे. मला कडीची खोली हवी होती.

पुढं मी मास्तर झालो. बा हिंडतच राहिला. मोगलाई बुडायच्या आदल्या साली, पेरणीच्या सुमाराला, त्याला ताप भरला. अंथरुणावर पंधराच दिवस होता. त्याच्या आधी आयुष्यात एक दिवस आजारी पडल्याचं मला आठवत नाही. शेवटच्या दिवसांत त्याचं मन मागच्या सालांत फिरत होतं. मी पायाशी बसलो होतो. एकदम म्हणाला, "त्या डोंगरकड्याच्या बाईची कपास आपल्या बकरीनं खाल्ली व्हती येकदा. तवा ती काही बोलली न्हाई. पन मन मोडलं आसंल तिचं. म्हनूनच नको म्हनली मेंढ्या."

मी पाय दाबत राहिलो.

"म्या भरपाई देतो म्हनायला पाह्यजे व्हतं," बा म्हणाला. "ऱ्हाऊन गेलं."

इतकी सालं तो स्वतःचीच चूक शोधत होता, आणि शेवटी एका बकरीच्या तोंडी त्याला ती सापडली. मी तेव्हाही बोललो नाही. मरत्या माणसाला कशाला त्रास, असं म्हटलं. हे कारण फार सोयीचं असतं. तिसऱ्या दिवशी तो गेला.

त्यानंतर मात्र राहवेना. तरी जायला वर्ष घेतलं. तोवर मोगलाई गेली होती, कार्तिक लागला होता. मनात वाक्य तयार केलं होतं: मावशी, बा आजारी नव्हता, त्यानं शब्द मोडला नाही, मी मोडला. वारंग्यापासून पायी गेलो आणि सगळ्या वाटेनं तेच घोकलं, पूर्वी अलिफ-बे घोकायचो तसं.

आधी वावर लागलं. शेजारच्या शेतात ज्वारी पुरुषभर उभी, आणि बांधाच्या या अंगाला मावशीची ज्वारी कमरेला, कणसं बोटाएवढी, मध्ये मध्ये नुसता मुरूम उघडा पडलेला. मावशी बांधावर बसून कणसं खुडत होती. फार म्हातारी झाली होती. तिनं मला चालीवरून ओळखलं. तोंडावरून हात फिरवला, मास्तर झालास व्हय रे, म्हणाली, आणि घराकडं घेऊन आली. घर तेच. चूल तीच.

मी विचारलं, "मावशी, वावराला खत पडलं न्हाई का? दुसरे धनगर येत नाहीत इकडं?"

"येतात की. दर साली इचारतात." ती चुलीत काटक्या सारत होती. "म्या म्हनते, शब्द दिलेला हाय. दादा उठला आन कळप घिऊन दारात आला, तर त्याला काय सांगू, तुजी जागा दुसऱ्याला दिली म्हनून? नदीपलीकडले कोनी दिसले की इचारते त्याचं. त्ये दुसऱ्याच गावचे आसतात." मग माझ्याकडं वळली. "कसा हाय रे आता? उठतो का?"

मला माझं वाक्य आठवत होतं. त्याचा पहिला अर्धा भाग बोलणं शक्य नव्हतं, असं काही नाही. पण तोंडातून निघालं ते दुसरंच.

"बा गेला मावशी. मागल्या साली."

तिनं पदर तोंडाशी घेतला. मग म्हणाली, "दहा-अकरा सालं जाग्यावर. लई भोगलं रे बिचाऱ्यानं. हिंडता मानूस." आणि ती रडू लागली, जे दुखणं त्याला कधी झालंच नव्हतं त्याच्यासाठी. मी तिथं बसून होतो. तो मरायच्या पंधरा दिवस आधीपर्यंत मेंढरांमागं कोसन् कोस चालत होता, एवढं सांगितलं असतं तरी तिचं रडणं थांबलं असतं. पण तेवढंच सांगून थांबता आलं नसतं.

डोळे पुसून तिनं विचारलं, "येक सांगू का तुला? रागावशील."

मी म्हणालो, सांग.

"त्या साली मी वसमतला तुज्याकडं आले व्हते ना, ती भांडायला आले व्हते. वाटभर दादाला शिव्या देत आले. म्हनलं, चांगला भाऊ म्हनत व्हते, अडल्या वक्ती शब्द मोडला मेल्यानं. आन तू म्हनालास, आजारी हाय." ती चुलीकडं बघत बोलत होती. "तवापासून ते मनात टोचून राह्यलंय. जाग्यावर पडलेल्या मानसाला म्या शिव्या दिल्या. भेटला आसता तर पाय धरले आसते. आता तर तोच न्हाई."

मी म्हणालो, जाऊ दे मावशी, त्यात काय.

"त्यात काय कसं? तू शिकलेला, तुला न्हाई वाटायचं." तिनं राखेचे हात लुगड्याला पुसले आणि माझ्यापुढं जोडले. "त्याच्या जागी आता तू हायेस. तू म्हन, माफ केलं. म्हंजे माजं मन रिकामं व्हईल."

माझ्या तोंडात ते वाक्य होतं. सकाळपासून घोकलेलं. मी तिच्या हातांकडं बघितलं. ते खाली येत नव्हते.

"माफ केलं, मावशी," मी म्हणालो.

तिनं हात खाली घेतले आणि मला भाकर वाढायला उठली.